गाठीचा हिशेब

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र आषाढातच येते. यंदाही आले. ‘नेहमीसारखे काही खुसखुशीत द्या,’ असे त्यांनी लिहिले होते. या सदरात मी वर्षभर शब्दांची कुळे-मुळे उकरीत बसतो, हे वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा दिवाळीला ‘फराळ’ या शब्दावर लिहावे असा माझा बेत होता. ‘फलाहार’ या सोवळ्या शब्दाचा ‘फराळ’ होता होता त्यात चकली आणि चिवडा कसा शिरला, याची टिपणेही काढून ठेवली होती. ती टिपणे टेबलाच्या खणात तशीच पडून आहेत. मधल्या काळात दुसऱ्याच एका शब्दाने माझी मानगूट धरली. तो शब्द ‘गाठ’.

वर्गात हा शब्द मी गेली वीस वर्षे हौसेने शिकवीत आलो आहे. संस्कृतात ‘ग्रंथि’, प्राकृतात ‘गंठि’, मराठीत ‘गाठ’. ताडपत्रे दोऱ्यात ओवून बांधली की त्यांचा ‘ग्रंथ’ होतो. म्हणजे ग्रंथ आणि गाठ ही एकाच घरची भावंडे, असे सांगितले की मुले माना डोलावतात. लग्नगाठ, खूणगाठ, गाठीभेटी, वाघाशी गाठ, गाठीला चार पैसे. आमच्या वऱ्हाडात त्यात आणखी एकीची भर : रुईची गाठ. आणि शेवटी डॉक्टर सांगतात ती. सुश्रुताने तिच्यासाठी ‘ग्रंथि’ आणि ‘अर्बुद’ असे दोन निरनिराळे शब्द वापरले आहेत, आणि ‘अर्बुद’ म्हणजे दहा कोटी असाही अर्थ आहे. हे सारे सांगताना मला मोठी मौज वाटे. यंदा चैत्रात माझ्या आत्याच्या छातीत गाठ सापडली, तेव्हापासून ती मौज राहिली नाही.

आत्या अकोल्याला जुन्या शहरात राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामाजी, चाळीस वर्षे एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेबनीस होते. एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरी करतो. गाठ सापडली तेव्हा तो धावत आला, आत्याला नागपूरला नेले, शस्त्रक्रिया झाली, आणि मग दर एकवीस दिवसांनी सलाईनमधून द्यायचे ते औषध सुरू झाले. एकंदर सहा खेपा ठरल्या होत्या. चौथ्या खेपेनंतर आत्याच्या डोक्यावर केस राहिले नाहीत, आणि जिच्या हातच्या ठेच्याने आमच्या डोळ्यांतून पाणी येई तिला वरणभातही तिखट लागू लागला.

अशा वेळी माणसाचे मन कुठल्याही फांदीला धरते. माझ्या आतेभावाला पुण्यात बसल्या बसल्या मोबाईलवर एक फांदी सापडली. एका मोठ्या शहरातले खाजगी केंद्र. नाव कशाला सांगा. चार चकचकीत इंग्रजी पाने. त्यांत म्हटले होते की, कर्करोग हा मुळात एक जनुक बिघडल्यामुळे होतो, ते चांगले जनुक आम्ही पॉलिमरच्या सूक्ष्म कणांत घालून शिरेतून देतो, त्यात विषाणू नसल्यामुळे धोका नाही, आणि गुण हमखास. खर्च अकरा लाख. मात्र केमोने शरीर कमकुवत होते, तेव्हा आधी ती बंद करावी. अकरा लाख उभे करायला बार्शीटाकळीच्या बाजूचे तीन एकर विकावे लागणार होते. त्या पानांवर घरातल्या ‘शिकलेल्या’ माणसाचे मत घ्यावे असे ठरले, आणि मामाजींनी ती मला अमरावतीला धाडली.

मराठीच्या एम.ए.ला हा मान मिळावा, याला काय म्हणावे? पण खानदानात दुसरा प्राध्यापक नाही. ‘प्राध्यापक’ म्हटला की त्याला सगळे येत असणार, अशी आमच्या आत्याची समजूत आहे. ती मोडायचे धैर्य मला इतक्या वर्षांत झालेले नाही.

आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी, पण चहा आणि महागाई भत्ता यांपलीकडे आमचे बोलणे कधी गेले नव्हते. मी ती पाने त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पाने वाचली, आणि म्हणाले, “यातलं निम्मं खरं आहे. म्हणूनच वाईट.”

मग दोन दिवस, मधल्या सुटीत, त्यांनी मला शिकवले. मी वहीत उतरून घेतले. पॉलिमरला मराठी विश्वकोशात ‘बहुवारिक’ असा शब्द आहे, हे मी त्यांना सांगितले. ते ऐकून त्यांना रसायन काही दिसेना. त्यांच्या डोळ्यांपुढे सोमवारपासून शनिवारपर्यंत सारे वार उपवासात घालवणारी त्यांची आजी उभी राहिली. तेव्हा आम्ही दोघांनी ‘पॉलिमर’च कायम केला.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत जनुकांची एक लांबलचक पोथी असते. एका पेशीतली पोथी उलगडली तर सुमारे दोन मीटर भरेल. पेशी दुभंगते तेव्हा ही पोथी नव्याने लिहिली जाते, आणि लिहिताना हस्तदोष होतात. (ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांचे पाठभेद ज्यांनी चाळले आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको.) हस्तदोष फार झाले तर ती पेशी थांबवायची, दुरुस्त करायची, आणि दुरुस्त होत नसेल तर तिला मरायला लावायचे, असे काम करणारे एक प्रथिन आहे. त्याला वजनावरून ‘पी-५३’ असे रुक्ष नाव पडले. १९७९ साली ते निरनिराळ्या देशांतल्या शास्त्रज्ञांना जवळजवळ एकदमच सापडले. गंमत अशी की पहिली दहा वर्षे त्यालाच चोर समजत होते, कारण कर्करोगाच्या पेशींत ते हटकून सापडे. १९८९ च्या सुमारास उलगडा झाला की, तो चोर नसून गावचा जागल्या आहे. सापडत होता तो हातपाय मोडलेला जागल्या. माणसाच्या निम्म्याच्या आसपास कर्करोगांत या जागल्याचे जनुक बिघडलेले असते.

रसायनवाल्यांनी मग हत्तीची गोष्ट सांगितली. हत्तीच्या अंगात आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पेशी, आयुष्यही लांब. तेव्हा त्याला कर्करोग फार व्हायला हवा. पण होतो कमी. २०१५ साली संशोधकांनी दाखवले की आपल्याकडे या जनुकाची एक जोडी, तर हत्तीकडे तशा वीस आहेत. मेळघाटात कोलखासला मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा वनखात्याच्या हत्तिणीला मी केळी चारली होती. ती वीस जागल्ये बाळगून आहे, हे तेव्हा कळते तर अधिक अदबीने चारली असती.

मग विचार साहजिकच येतो : जागल्या मोडला असेल तर नवा पाठवावा. पाठवायचा कसा, इथेच सारे शास्त्र अडून बसले आहे.

उघडे जनुक रक्तात सोडले तर तिथली पाचके त्याचे काही मिनिटांत तुकडे करतात. शिवाय जनुकावर ऋण विद्युत्भार, पेशीच्या कातडीवरही ऋणच, तेव्हा दोघे एकमेकांना दूर लोटतात. विषाणूंना मात्र घरात शिरायची कला जन्मजात अवगत असते. म्हणून पहिली युक्ती अशी की, विषाणूतले विष काढायचे आणि त्याच्या पाठीवर जनुक लादायचे. चीनने २००३ साली पी-५३ चे असे विषाणूवाहू औषध मंजूर केले. जगातले ते पहिलेच. पण शरीर विषाणूला ओळखते आणि चवताळून उठते. १९९९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निराळ्याच एका व्याधीवर असा विषाणू दिला असता अठरा वर्षांचा मुलगा चार दिवसांत दगावला, आणि हे सारे क्षेत्र काही वर्षे हबकून गेले.

म्हणून पॉलिमर. एकाच प्रकारच्या कड्या जोडून केलेली लांब साखळी, आणि कडी-कडीवर धन विद्युत्भार. ऋण जनुक आणि धन साखळी एकत्र आली की साखळी जनुकाला आवळते. पसरलेला धागा गोळा होऊन बारीक गुंडी होते. केसाच्या जाडीत अशा सात-आठशे गुंड्या ओळीने मावतील. १९९५ साली फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनी ‘पॉलिएथिलिनइमाइन’ नावाचे पॉलिमर यासाठी वापरून दाखवले. कागदाच्या कारखान्यांत वापरतात ते हे रसायन. कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचांपासून निघणारे ‘कायटोसान’ही याच कामाला लावतात. आपल्या कोकणात ज्या टरफलांचे ढीग लागतात ती कुठे पोचतात पाहा!

इथवर मला समजले. म्हणजे वहीत होते. परीक्षेला बसलो असतो तर पास झालो असतो. रविवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूरला खिडकीतून शकुंतलेचे अरुंद रूळ गवतात हरवलेले दिसले. यवतमाळचा आणि अचलपूरचा कापूस एके काळी तिनेच इथवर आणून मोठ्या गाडीच्या हवाली केला. पुढे सपाट काळी राने, आणि दोन्ही बाजूंना कपाशी.

अकोल्याच्या घरी ओसरीवर मामाजी बसले होते. आत्या आतल्या खोलीत निजलेली. दार उघडेच होते. आतेभावाला मामाजींनी फोन लावून पुढ्यातल्या पाटावर ठेवला, म्हणजे त्यालाही ऐकू जावे. मी वही काढली आणि व्याख्यान सुरू केले. ‘जनुक’ शब्द उच्चारताच मामाजींनी हात वर केला.

“म्हंजे बीटी?”

मी चपापलो. २००२ साली बीटी कपाशीला सरकारी मंजुरी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक कपाशीत घालतात, म्हणजे बोंड खाणारी अळी मरते, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली, हेही ठाऊक आहे. मी म्हटले, “हो, तसंच म्हणा.”

“तसंच कसं? बीटी तं बियाण्यात असते. एका बीत घातलं का साऱ्या झाडात येते. इथं तं पीक उभं हाये.”

वही तशीच हातात राहिली. रसायनवाल्यांनी सांगितलेले सगळे मी उतरून घेतले होते. यातली ही मेख मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. कपाशीत जनुक घालताना ते एका पेशीत घालतात आणि त्या पेशीचे सबंध झाड वाढवतात. मग पानापानांत, बोंडाबोंडांत ते आपोआप असते. माणसाच्या गाठीत मात्र ते वाढून बसलेल्या कोट्यवधी पेशींपैकी एकेकीत जाऊन पोचवावे लागते. चार पेशी सुटल्या तर त्या चारांतून पुन्हा गाठ उभी राहते.

मी साखळीचे आणि गुंडीचे सांगितले. मामाजींचे डोळे लकाकले. “म्हंजे प्रेसिंगच की! सुटी रुई गाडीत भरली तं अर्धी गाडी हवाच जाते. दाबली, पट्ट्या मारल्या, एकशेसत्तर किलोची गाठ झाली, का मंग मुंबईले पाठव का कोइमतूरले पाठव.” चाळीस वर्षे ज्या प्रेसच्या धडधडाटात त्यांनी वह्या लिहिल्या, तो त्यांच्या आवाजात पुन्हा उतरला होता. ते पुढे सरकले. “पण मले सांग, तिथं गेल्यावर गाठ फोडते कोन?”

वाचकहो, हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये विचारला नव्हता, आणि पॉलिमरच्या साऱ्या शास्त्राची नाडी याच प्रश्नात आहे. सोमवारी रसायनवाल्यांना तो सांगितला तेव्हा ते म्हणाले, “तुमच्या मामाजींना आमच्या प्रयोगशाळेत पाठवा.” त्यांनी जे सांगितले ते असे. गुंडी पेशीशी पोचली की पेशी तिला पिशवीत घालून गिळते. ती पिशवी म्हणजे जठरच. आत आम्ल वाढत जाते आणि माल पचून जातो. स्ट्रासबुर्गवाल्यांचे म्हणणे असे होते की, त्यांचे पॉलिमर ते आम्ल स्पंजासारखे शोषते, पिशवी पाण्याने फुगून फुटते आणि गुंडी बाहेर पडते. नेमके तसेच होते का, यावर अजून वाद आहेत. पण पिशवीतून सुटून गुंडी पेशीच्या गाभ्यापर्यंत गेली आणि सुटलीच नाही, तर पोथी बांधलेली ती बांधलेलीच, वाचणार कोण? फार आवळावे तर आत उलगडत नाही. सैल ठेवावे तर रक्तातच विस्कटते. लांब साखळीचे पॉलिमर काम चांगले करते पण पेशीला विषारी पडते. आखूड साखळीचे बिनविषारी, पण काम करीत नाही. या कात्रीतून सुटण्यासाठी पेशीत शिरल्यावर विरघळून जाईल असे पॉलिमर करण्याच्या मागे गेली पंचवीस वर्षे रसायनशास्त्रज्ञ लागले आहेत. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरणारे टाके आपण पाहतो, त्याच जातीची कल्पना.

पण त्या रविवारी मला यातले काही येत नव्हते. मी म्हटले, “विचारून सांगतो.” मामाजींनी मान हलवली आणि हिशेबनिसाचा पुढचा प्रश्न टाकला. “बरं, जावक आवक काय हाये? हजार गाठी पाठोल्या तं पोचते किती?”

हे मात्र माझ्या वहीत होते. २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले, प्राण्यांवर केलेले सारे प्रयोग गोळा करून हा हिशेब मांडला होता. शिरेतून दिलेल्या सूक्ष्म कणांपैकी गाठीपर्यंत पोचतात ते मध्यम मानाने शंभरात ०.७.

“म्हणजे हजारात सात,” मी म्हटले.

“सात?”

“सात.”

“अन् बाकीचे?”

“बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवून ठेवतात.”

मामाजींनी चष्मा काढून पाटावर ठेवला. “हजारात सात गाठी पोचल्या असत्या,” ते म्हणाले, “तं मालकानं मले उभा नसता केला दारात.”

फोनमधून आतेभाऊ बोलला. तो इतका वेळ गप्प होता. “पण दादा, असं कसं म्हणता? पुण्यातच झाली ना ती लस? तिच्यातही विषाणू नव्हता. जनुकाचाच निरोप होता. लोकांना दिली की!”

त्याचा राग मला समजत होता. आईसाठी काही करू पाहणाऱ्या मुलाला दोन म्हातारे-कोतारे आकडे मोजून दाखवीत होते. शिवाय त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या करोनावरील लशीला २०२२ च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली. तिच्यात निरोप्या आरएनए असतो, आणि तो वाहून नेतात ते स्निग्ध पदार्थाचे कण. पॉलिमर नव्हेत, पण विषाणूही नव्हेत. त्याआधी २०२१ च्या ऑगस्टमध्ये अहमदाबादची डीएनएची लस मंजूर झाली होती. निरोप्या आरएनएची वाट ज्यांनी मोकळी केली त्या कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल मिळाले. हे सारे खरेच.

मी त्याला म्हटले, “अरे, लस म्हणजे दवंडी. चार घरांत निरोप पोचला तरी गावभर बोंब होते, आणि शरीराची फौज पुढचं काम करते. जागल्या प्रत्येक घरात जाऊन बसावा लागतो. दवंडीवाला एक पुरतो रे.”

तो म्हणाला, “मग आयआयटीचं? तेही खोटंच का?”

तेही खोटे नव्हते. मुंबईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार आणि त्यांचे सहकारी, आणि टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉक्टर यांनी मिळून जनुकीय उपचाराची एक रीत उभी केली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिला मंजुरी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते पवईला तिचे उद्घाटन झाले. परदेशाच्या मानाने तिचा खर्च सुमारे एक दशांश. पण ती रीत निराळी आहे. तिथे गाठीकडे जनुक पाठवतच नाहीत. रोग्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत विष काढलेल्या विषाणूच्या हातून त्यांत जनुक बसवतात, आणि त्या शिकवलेल्या पेशी परत अंगात सोडतात. वाटतुटीचा प्रश्नच मिटला. मात्र ती रक्ताच्या काही ठरावीक कर्करोगांपुरती आहे. आत्याच्या गाठीला तिचा उपयोग नाही.

हे सांगताना मला एक आठवण झाली, ती आतेभावालाही सांगितली. विषय पालटावा म्हणून असेल. पेशी शरीराबाहेर काचेत वाढवून त्यांच्यावर प्रयोग करायचे हे तंत्र आपल्याकडे रुजवण्यात एका मराठी बाईंचा मोठा वाटा आहे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली त्या तयार झाल्या, तिथे त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, आणि स्तनांच्या कर्करोगाचा विषाणूशी काय संबंध आहे हे उंदरांत शोधण्यात उमेदीची वर्षे घातली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आज कुठलेही नवे पॉलिमर आधी काचेतल्या पेशींवरच आजमावतात. तिथे ते बहुधा पास होते. पुढची परीक्षा उंदराची, आणि त्यापुढची माणसाची. तिथे बहुतेकांची पाटी फुटते. पी-५३ चे जनुक पॉलिमरच्या कणांतून देणारे मंजूर औषध आजमितीस आपल्या देशात नाही.

“मग हे लोक काय देतात अकरा लाखांत?” आतेभावाचा आवाज खाली आला होता.

त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी त्याला एवढेच सांगितले की, नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना ती पाने दाखव आणि त्या केंद्राला दोन प्रश्न विचार. आपल्या देशात औषधाची माणसावर चाचणी करायची तर तिची सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते. २००९ पासून ते सक्तीचे आहे. तो नोंदणी क्रमांक माग. आणि प्रयोग असेल तर रुग्णाकडून पैसे कसे घेता, हे विचार. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत प्रयोगातल्या माणसावर प्रयोगाचा खर्च टाकू नये असे आहे. ही माहितीही रसायनवाल्यांचीच. मी केवळ वाहक.

आतून आत्याचा आवाज आला. ती जागी होती, आणि बहुधा पहिल्यापासून ऐकत होती.

“काहून रे, मास्तर, ते शोध लावनारे लोक इमानदार हायेत ना?”

“आहेत आत्या. शोध लावणारे इमानदार आहेत. सात आले तर सातच लिहितात.”

“मंग त्याइले लावू दे शोध. वावर नोका विकू माह्यासाठी.” थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, “नागपूरची तारीख कधीची हाये?”

मामाजींनी कॅलेंडर न पाहता तारीख सांगितली.

“अन् सीतादही?”

कापसाची पहिली वेचणी करण्याआधी आमच्याकडे शेतात पूजा करून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून आत्याने ते एकदाही चुकवलेले नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी ती पाने मागवून पाहिली, आणि असले औषध मंजूर नाही, चालू उपचार एक दिवसही थांबवू नका, असे बजावले. शेतात जायला मात्र हरकत घेतली नाही. उन्हाआधी जा, गर्दीत नेऊ नका, एवढेच म्हणाल्या. खेपेनंतरचा तिसरा आठवडा आत्याला जरा बरा जातो.

आतेभावाने केंद्राला दोन्ही प्रश्न विचारले. पहिल्याला उत्तर आले की ती माहिती गोपनीय आहे. दुसऱ्याला आलेच नाही. सूट मात्र दोन लाखांची आली.

नागपूरच्या तारखेच्या दोन दिवस आधी आम्ही शेतात गेलो. आतेभाऊ पुण्याहून रातोरात आला होता. आत्याने डोक्याला घट्ट रुमाल बांधून वरून पदर घेतला होता. तिला वाकवत नव्हते, म्हणून दहीभात सुनेने ठेवला आणि आत्याने उभ्यानेच हात जोडले. मग जवळच्या झाडाचे एक फुटलेले बोंड तिने खुडले, कापूस बोटांनी ओढून मोकळा केला, सरक्या काढल्या आणि त्या पदराला बांधल्या. मामाजी बांधावर बसून मजुरांच्या वेचणीचे वजन लिहीत होते. कागद जाड आणि गुळगुळीत होता, त्यामुळे पेन नीट उमटत नव्हते. मी वाकून पाहिले. त्या केंद्राच्या चार पानांपैकी शेवटचे पान मागून कोरे होते.